अंतराळातला कचरा उचलायचा कुणी? पृथ्वीभोवतीची कक्षा सगळ्यांची, जबाबदारी मात्र कुणाचीच नाही

५ नोव्हेंबर २०२५ रोजी चीनचे तीन अंतराळवीर पृथ्वीवर परतणार होते. तियांगोंग अंतराळ स्थानकावरचा त्यांचा सहा महिन्यांचा मुक्काम संपला होता आणि त्यांची जागा घेणारे तीन सहकारीही वर पोहोचले होते. पण परतीचा प्रवास ऐनवेळी थांबवावा लागला. ज्या शेनझोऊ-२० यानातून ते येणार होते, त्याच्या खिडकीच्या काचेला बारीक तडे गेल्याचं लक्षात आलं. अवकाशातल्या कचऱ्याचा एखादा कण आदळला असावा, असं चीनच्या अंतराळ यंत्रणेनं सांगितलं.

शेवटी १४ नोव्हेंबरला हे तिघे सुखरूप परतले. पण ते स्वतःच्या यानातून आले नाहीत, तर नंतर आलेल्या सहकाऱ्यांच्या शेनझोऊ-२१ यानातून आले. त्यामुळे वर राहिलेल्या तिघांकडे काही दिवस संकटकाळी परत येण्यासाठी भरवशाचं यानच नव्हतं. २५ नोव्हेंबरला चीननं शेनझोऊ-२२ हे यान माणसांविना वर पाठवलं, तेव्हा ही अडचण मिटली.

कुणालाही इजा झाली नाही. पण एक प्रश्न उरला. काचेला तडे पाडणारा तो कण कुणाचा होता? एखाद्या जुन्या अग्निबाणाचा, फुटलेल्या उपग्रहाचा की आणखी कशाचा? इतके बारीक कण कुठल्याच रडारला दिसत नाहीत, त्यामुळे याचं उत्तर मिळण्याची शक्यता जवळपास नाही. आणि कण कुणाचा ते कळलं नाही, तर नुकसानीचा जाब तरी कुणाला विचारणार? अवकाशातल्या कचऱ्याच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे.

अवकाशात नेमका किती कचरा आहे?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघानं स्पुटनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. तो काही महिन्यांतच वातावरणात जळून गेला. पण मार्च १९५८ मध्ये अमेरिकेनं सोडलेला व्हॅनगार्ड-१ आजही वर आहे. १९६४ पासून तो मुका झाला आहे, तरी पृथ्वीभोवती फिरतोच आहे. अवकाशातली माणसानं बनवलेली ती सगळ्यात जुनी वस्तू आहे.

तेव्हापासून वर गेलेल्या वस्तूंमध्ये निकामी उपग्रह आहेत, अग्निबाणांचे रिकामे टप्पे आहेत, स्फोट आणि टकरींमधून उडालेले तुकडे आहेत, रंगाचे पोपडेसुद्धा आहेत.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार, जमिनीवरून नजर ठेवता येते अशा वस्तूंची संख्या सुमारे ४० हजार आहे. त्यातले साधारण ११ हजार उपग्रह त्या वेळी कामात होते. याच संस्थेच्या अंदाजानुसार १ ते १० सेंटीमीटर आकाराचे तुकडे सुमारे १२ लाख आहेत, आणि १ मिलिमीटर ते १ सेंटीमीटर आकाराचे कण १३ कोटींहून अधिक.

म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवता येते त्या वस्तू हजारांत आहेत, आणि दिसत नाहीत पण यान निकामी करू शकतात असे तुकडे लाखांत.

एवढासा तुकडा इतका धोकादायक का?

कारण त्याचा वेग. पृथ्वीनजीकच्या कक्षेत प्रत्येक वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरते. ताशी हिशेब केला तर २७ हजार किलोमीटर. दोन वस्तू वेगवेगळ्या दिशांनी येऊन आदळल्या, तर टकरीचा वेग सरासरी सेकंदाला १० किलोमीटरच्या घरात जातो. रायफलमधून सुटलेल्या गोळीच्या तो दहापट आहे.

ॲल्युमिनियमची एक सेंटीमीटर जाडीची गोळी घ्या. तिचं वजन जेमतेम दीड ग्रॅम. पण या वेगानं आदळताना तिच्यात जी ऊर्जा असते, ती एक टन वजनाची मोटार ताशी ४० किलोमीटर वेगानं धडकावी जवळपास तेवढी. आणि ती सगळी ऊर्जा नखाएवढ्या जागेवर पडते.

ऑगस्ट २०१६ मध्ये युरोपच्या सेंटिनेल-१ए या उपग्रहाच्या सौर पंख्यावर मिलिमीटरभर आकाराचा कण आदळला. वीज थोडी कमी झाली आणि उपग्रहाची दिशाही किंचित बदलली. उपग्रहावरच्या कॅमेऱ्यानं पाहिलं, तर पंख्याचा सुमारे ४० सेंटीमीटरचा भाग खराब झाला होता.

हा कचरा आला कुठून?

तीन मोठे मार्ग आहेत.

पहिला, स्फोट. अग्निबाणाच्या टाकीत उरलेलं इंधन किंवा उपग्रहाची जुनी बॅटरी वर्षानुवर्षं उन्हात तापते आणि कधीतरी फुटते. भारताच्या खात्यावरही अशी नोंद आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये गेलेल्या पीएसएलव्ही-सी३ अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्फोट झाला आणि तीनशेहून अधिक तुकडे झाले. त्यानंतर इस्रोनं उरलेलं इंधन बाहेर सोडून टप्पा निर्धोक करण्याची पद्धत सुरू केली.

दुसरा, टक्कर. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर अमेरिकी कंपनीचा इरिडियम-३३ हा चालू उपग्रह आणि रशियाचा कॉसमॉस-२२५१ हा बंद पडलेला उपग्रह एकमेकांवर आदळले. दोन अख्ख्या उपग्रहांची ती पहिलीच टक्कर होती. त्यातून नजर ठेवता येण्याजोगे दोन हजारांहून अधिक तुकडे तयार झाले.

तिसरा, आणि सगळ्यात चीड आणणारा मार्ग म्हणजे देशांनी मुद्दाम केलेले स्फोट. जानेवारी २००७ मध्ये चीननं आपलाच फेंगयुन-१सी हा हवामान उपग्रह सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्रानं फोडला. तीन हजारांहून अधिक मोठे तुकडे झाले. एका घटनेतून तयार झालेला हा सगळ्यात मोठा कचरा आहे आणि त्यातला बराचसा आजही वर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियानं कॉसमॉस-१४०८ फोडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या सात जणांना आपापल्या यानांत जाऊन बसावं लागलं. त्यात खुद्द रशियाचे अंतराळवीरही होते.

भारतानं २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’मध्ये आपला उपग्रह फोडला, तो सुमारे २८० किलोमीटर उंचीवर. कमी उंची निवडल्यामुळे तुकडे लवकर खाली येतील, असं तेव्हा सांगितलं गेलं. बरेचसे आलेही. पण काही तुकडे वर फेकले गेले आणि नोंद झालेला शेवटचा तुकडा खाली यायला २०२२ उजाडलं.

उंचीला इतकं महत्त्व का?

कारण अवकाशातला झाडूवाला एकच आहे, आणि तो म्हणजे पृथ्वीचं वातावरण. ४०० किलोमीटर उंचीवरही हवेचा अगदी विरळ अंश असतो. तो वस्तूंचा वेग हळूहळू कमी करतो आणि त्या खाली येऊन जळतात. ६०० किलोमीटरच्या खाली हे काम काही वर्षांत होतं. ८०० किलोमीटरवर त्याला शतकं लागतात. १००० किलोमीटरच्या वर हजार वर्षं किंवा त्याहूनही जास्त.

म्हणून खालची चूक एका पिढीत निस्तरते, पण वरची चूक पुढच्या कित्येक पिढ्यांच्या माथी बसते. युरोपचा एन्व्हिसॅट हा आठ टनी उपग्रह २०१२ मध्ये अचानक बंद पडला. तो ७५० किलोमीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तसाच सोडला तर दीडशे वर्षं तिथेच फिरत राहील, असा अंदाज आहे. सुमारे ८४० किलोमीटरवर सोव्हिएत काळातल्या झेनिट अग्निबाणांचे आठ-नऊ टनांचे रिकामे टप्पे आहेत. अशी दोन धुडं एकमेकांवर आदळली, तर २००९ ची टक्कर किरकोळ वाटेल.

केसलर सिंड्रोम म्हणजे काय?

नासाचे शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. मुद्दा साधा होता. एखाद्या उंचीवर वस्तूंची गर्दी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की टकरी होतील. टकरींमधून तुकडे होतील, त्या तुकड्यांमुळे आणखी टकरी होतील. मग नवीन काहीही वर पाठवलं नाही, तरी कचरा वाढतच जाईल. यालाच पुढे केसलर सिंड्रोम म्हटलं गेलं.

सिनेमात हे सगळं तासाभरात घडताना दिसतं. प्रत्यक्षात ते दशकांच्या संथ गतीनं घडतं, आणि खरी अडचण तीच आहे. बोअरवेलच्या पाण्यासारखं आहे हे. पहिल्या शेजाऱ्यानं दोनशे फूट खणलं, दुसऱ्यानं चारशे, तिसऱ्यानं सहाशे. प्रत्येकाचं वागणं त्याच्यापुरतं शहाणपणाचं असतं. विहिरी आटल्या की मगच सगळ्यांना कळतं, की पाणी एकाच झऱ्याचं होतं.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या अहवालात हेच म्हटलं आहे. आज सगळी प्रक्षेपणं थांबवली, तरी कचरा वाढत राहील, कारण जुने तुकडे नवे तुकडे तयार करण्याचा वेग हा ते नैसर्गिकरीत्या जळून जाण्याच्या वेगापेक्षा जास्त आहे.

गर्दी अचानक इतकी का वाढली?

मे २०१९ मध्ये स्पेसएक्सनं स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकत्र सोडले. त्यानंतर चित्रच पालटलं. आज जगातल्या कामात असलेल्या उपग्रहांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या स्टारलिंकचे आहेत. ॲमेझॉन आणि चिनी कंपन्यांचेही हजारो उपग्रहांचे ताफे तयार होत आहेत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरच्या आसपास असतात, म्हणजे बंद पडले तर काही वर्षांत जळून जातात. ते स्वतःहून वाट बदलून टक्करही टाळतात. कंपनीनं अमेरिकी नियामकाला दिलेल्या माहितीनुसार, डिसेंबर २०२४ ते मे २०२५ या सहा महिन्यांत त्यांनी सुमारे १ लाख ४४ हजार वेळा अशी वाट बदलली. दिवसाला सरासरी आठशेच्या आसपास.

यंत्रणा चांगली चालते, याचा हा पुरावा. पण इतक्या वेळा वाट बदलूनच जिथे सुरक्षित राहता येतं, तिथे एखाद्या दिवशी यंत्रणा बंद पडली, सौर वादळ आलं किंवा दोन कंपन्यांच्या संगणकांनी एकाच वेळी एकाच दिशेला वळायचं ठरवलं, तर काय? याचं सर्वमान्य उत्तर आज कुणाकडे नाही.

वाट कुणी द्यायची?

रस्त्यावर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी की डावीकडून, याचा नियम असतो. समुद्रात जहाजांसाठी आणि आकाशात विमानांसाठीही असतो. अवकाशात मात्र असा बंधनकारक नियम नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपचा एओलस हा उपग्रह आणि स्टारलिंकचा एक उपग्रह एकमेकांच्या जवळ येणार असल्याचा इशारा मिळाला. दोन्ही बाजूंमध्ये सुरुवातीला ईमेलवर बोलणं झालं. पुढे धोका वाढल्याचे इशारे यंत्रणेतल्या बिघाडामुळे आपल्या तंत्रज्ञापर्यंत पोहोचले नाहीत, असं स्पेसएक्सनं नंतर सांगितलं. अखेर युरोपनं आपला उपग्रह हलवला. डिसेंबर २०२१ मध्ये चीननं संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली, की स्टारलिंकच्या उपग्रहांमुळे आपल्या अंतराळ स्थानकाला त्या वर्षात दोनदा वाट बदलावी लागली. असा काही मोठा धोका नव्हताच, असं अमेरिकेचं उत्तर होतं.

आज जगभरातल्या बहुतेक उपग्रहचालकांना टकरीच्या सूचना येतात त्या अमेरिकी लष्कराकडून. सूचना मिळाल्यावर हलायचं की नाही आणि कुणी हलायचं, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. प्रत्येक वेळी वाट बदलताना इंधन जळतं, आणि इंधन म्हणजे उपग्रहाचं आयुष्य. त्यामुळे वाट देणारा दर वेळी काहीतरी गमावतो.

कायदा काय सांगतो?

कायदा आहे, पण तो वेगळ्या काळातला आहे.

१९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार अवकाश कुठल्याही देशाच्या मालकीचं नाही. कुठलीही खासगी कंपनी अवकाशात जे काही करते, त्याची जबाबदारी तिच्या देशावर येते. १९७२ च्या दायित्व करारात नुकसानभरपाईचे नियम आहेत. जमिनीवर किंवा उडत्या विमानाचं नुकसान झालं, तर ज्या देशानं वस्तू सोडली त्यानं चूक असो वा नसो, भरपाई द्यायची. पण नुकसान अवकाशातच झालं, तर समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते.

शेनझोऊ-२० च्या काचेबाबत ही अट लावून पाहा. कण कुणाचा हेच माहीत नाही, मग चूक कुणाची हे कसं सिद्ध करणार?

या दायित्व कराराचा आधार घेऊन भरपाई मागितल्याचं एकच मोठं उदाहरण आहे. जानेवारी १९७८ मध्ये कॉसमॉस-९५४ हा सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. त्यात छोटी अणुभट्टी होती, त्यामुळे किरणोत्सारी तुकडे बर्फात विखुरले. कॅनडानं ६० लाखांहून अधिक कॅनेडियन डॉलर मागितले. १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली.

महाराष्ट्रात पडलेली ती रिंग कुणाची होती?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भासह राज्याच्या अनेक भागांत आकाशात जळत जाणारे लांबलचक पट्टे दिसले. कुणाला उल्का वाटली, कुणाला विमान. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ काही मिनिटांत सगळीकडे पसरले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूची एक मोठी रिंग पडलेली सापडली. परिसरात धातूचे गोळेही मिळाले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये गेलेल्या चीनच्या लाँग मार्च-३बी अग्निबाणाचा तो तिसरा टप्पा असावा, असा अंदाज अवकाशातल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनी वेळ आणि मार्ग जुळवून व्यक्त केला. सुदैवानं कुणी जखमी झालं नाही.

समजा ती रिंग एखाद्याच्या घरावर पडली असती, तर? दायित्व करारानुसार त्या कुटुंबाला थेट दुसऱ्या देशाकडे दावा करता आला नसता. तो दावा भारत सरकारनं राजनैतिक मार्गानं करायचा असतो. म्हणजे एका घराच्या छपराचा प्रश्न दोन देशांच्या परराष्ट्र संबंधांचा प्रश्न होतो.

असं फक्त भारतातच घडतं असं नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका घराचं छप्पर आणि मजला फोडून धातूचा तुकडा आत आला. तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून टाकून दिलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या सामानाचा होता, हे नासानं मान्य केलं. ३० डिसेंबर २०२४ रोजी केनियातल्या एका गावात सुमारे ५०० किलो वजनाची धातूची रिंग पडली.

मग हा कचरा उचलत का नाहीत?

तंत्रज्ञान अगदीच नाही असं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेलं जपानच्या ॲस्ट्रोस्केल कंपनीचं यान एका जुन्या अग्निबाणाच्या सुमारे तीन टनी टप्प्याजवळ गेलं, त्याचे फोटो काढले आणि वर्षअखेरीस त्याच्यापासून सुमारे १५ मीटरपर्यंत पोहोचलं. युरोपचं क्लिअरस्पेस-१ हे यानही एक निकामी वस्तू पकडून खाली आणणार आहे. गंमत म्हणजे, ज्या वस्तूला ते आधी पकडणार होतं, तिच्यावरच २०२३ मध्ये दुसरा कचरा आदळल्याचं दिसलं. आता लक्ष्य बदललं आहे.

अडचण तीन ठिकाणी येते.

एक, मालकी. समुद्रात सोडून दिलेलं जहाज कुणी वाचवलं, तर त्यासाठी वेगळे कायदे आहेत. अवकाशात मात्र पन्नास वर्षांपूर्वी बंद पडलेला उपग्रहसुद्धा सोडणाऱ्या देशाचाच राहतो. त्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. जपानी यानानं जपानचाच टप्पा निवडला, युरोपचं यानही युरोपचाच उपग्रह पकडणार आहे. पण सगळ्यात धोकादायक धुडांमध्ये मोठा वाटा जुन्या सोव्हिएत टप्प्यांचा आहे.

दोन, संशय. जे यान निकामी उपग्रह पकडू शकतं, ते चालू उपग्रहही पकडू शकतं. एका देशाचा झाडू दुसऱ्याला शस्त्र वाटतो.

तीन, पैसा. सफाईचा खर्च एकाचा, फायदा सगळ्यांचा. मग पुढे कोण येणार?

भारत काय करतो आहे?

इस्रोनं जुलै २०२२ मध्ये बंगळुरूत टकरींचा अंदाज घेणारं आणि भारतीय उपग्रहांवर लक्ष ठेवणारं खास केंद्र सुरू केलं. जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ चं प्रक्षेपण चार सेकंदांनी पुढे ढकललं गेलं, कारण ठरल्या वेळी ते एखाद्या वस्तूच्या वाटेत येण्याची शक्यता होती. त्याच महिन्यात पीएसएलव्ही-सी५६ एक मिनिट उशिरा निघालं.

काम संपलेले उपग्रह स्वतःहून खाली आणण्याचे प्रयोगही झाले. मार्च २०२३ मध्ये मेघा-ट्रॉपिक्स-१ उरलेल्या इंधनाच्या मदतीनं प्रशांत महासागरावर नियंत्रित पद्धतीनं उतरवला गेला. तो तसाच सोडला असता, तर शंभरहून अधिक वर्षं वर राहिला असता. फेब्रुवारी २०२४ मध्ये कार्टोसॅट-२ हिंदी महासागराच्या वर संपवला गेला. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचा प्रयोगशाळेसारखा वापर करून मग तो खाली आणण्याची पद्धतही भारतानं बसवली आहे.

एप्रिल २०२४ मध्ये भारतानं जाहीर केलं, की २०३० पर्यंत सगळ्या भारतीय अंतराळ मोहिमा, सरकारी असोत वा खासगी, कचरामुक्त करायच्या.

पण दुसरी बाजूही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये उपग्रह फोडणाऱ्या क्षेपणास्त्र चाचण्या थांबवण्याचं आवाहन करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५५ मतांनी संमत झाला. रशिया आणि चीननं विरोधात मत दिलं, तर भारत तटस्थ राहिला. देशांतर्गत पातळीवर २०२३ चं अंतराळ धोरण आहे, पण खासगी कंपन्यांवर कायदेशीर जबाबदारी टाकणारा अंतराळ कायदा संसदेनं अजून केलेला नाही.

कक्षा सामायिक म्हणून सांभाळता येईल?

याचं एक उदाहरण अवकाशातच आहे. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत टीव्ही आणि हवामानाचे उपग्रह असतात. तिथली जागा आणि मर्यादित असलेल्या रेडिओ लहरी, दोन्हींचं वाटप आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ करतो. ही व्यवस्था निर्दोष नाही, पण जागा मर्यादित आहे हे सगळ्यांनी मान्य केलं, म्हणून ती टिकली. खालच्या कक्षांसाठी अशी वाटपाची व्यवस्था नाही. तिथे जो आधी पोहोचेल त्याची जागा.

नियम कडक करता येतात, हेही दिसलं आहे. काम संपल्यावर २५ वर्षांत उपग्रह खाली आणावा, हा जुना दंडक ऐच्छिक होता. अमेरिकी नियामकानं २०२२ मध्ये ही मुदत पाच वर्षांवर आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच नियामकानं डिश या कंपनीला दीड लाख डॉलरचा दंड केला. तिनं आपला जुना उपग्रह ठरल्याप्रमाणे ३०० किलोमीटर वर न नेता सुमारे १२० किलोमीटरवरच सोडला होता. अवकाश कचऱ्यासाठी झालेला हा पहिला दंड. रक्कम कंपनीसाठी किरकोळ होती, पण पायंडा पडला.

तिसरा मार्ग शुल्काचा. २०२० मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, की प्रत्येक उपग्रहावर दरवर्षी कक्षा वापरण्याचं शुल्क लावलं आणि ते वाढवत २०४० पर्यंत सुमारे २ लाख ३५ हजार डॉलरवर, म्हणजे साधारण दोन कोटी रुपयांवर नेलं, तर टकरी कमी होऊन या उद्योगाचं एकूण मूल्य उलट कित्येक पटींनी वाढेल. पण शुल्क सगळ्या देशांनी एकत्र लावलं, तरच ते चालेल. एकानं लावलं तर कंपन्या दुसऱ्या देशातून उड्डाण करतील.

सामायिक साधनांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पाणी, कुरणं आणि जंगलं गावकऱ्यांनी कशी टिकवली, हे त्यांनी जगभर फिरून पाहिलं. जिथे वापरणारे लोक नियम बनवतात, एकमेकांवर नजर ठेवतात आणि नियम मोडणाऱ्याला आधी लहान, मग मोठी शिक्षा होते, तिथे सामायिक गोष्ट टिकते, हा त्यांचा निष्कर्ष. अवकाशात आज नजर थोडीफार आहे, नियम अर्धे आहेत आणि शिक्षा जवळपास नाही.

सामान्य माणसाचा याच्याशी काय संबंध?

कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना मासे कुठे मिळतील, याच्या सूचना हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडून मिळतात. त्यासाठी लागणारी समुद्राच्या रंगाची आणि तापमानाची माहिती ओशनसॅटसारख्या उपग्रहांकडून येते. ओशनसॅट-३ सुमारे ७४० किलोमीटरवर आहे. भूकंप, दरडी, पिकं आणि हिमनद्यांवर लक्ष ठेवणारा भारत-अमेरिकेचा निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी गेला. तोही जवळपास त्याच उंचीवर.

२००७ च्या चाचणीचे आणि २००९ च्या टकरीचे तुकडे याच पट्ट्याच्या थोडं वर पसरले होते. खाली येताना त्यांना याच उंचीवरून जावं लागतं. म्हणजे ज्या चुकीत कोकणातल्या मच्छीमाराचा किंवा विदर्भातल्या शेतकऱ्याचा काहीच हात नव्हता, तिची किंमत त्याला मिळणाऱ्या सूचनेला मोजावी लागू शकते.

कचरा जळून जातो, म्हणजे प्रश्न संपतो असंही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वातावरणाच्या वरच्या थरातल्या सल्फ्युरिक आम्लाच्या कणांपैकी सुमारे दहा टक्के कणांमध्ये जळालेल्या यानांचे धातू सापडले. त्याचे परिणाम काय होतील, यावर संशोधन सुरू आहे.

कक्षा रिकामी करायची गरज नाही, आणि उपग्रह थांबवणंही कुणाला परवडणार नाही. पण परवाना देतानाच कंपनीला ‘हा खाली कधी आणि कसा आणणार, आणि नाही आणला तर भरपाई कुठून देणार’ असं विचारणं प्रत्येक देशाला आजही शक्य आहे. त्यासाठी नव्या आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहावी लागत नाही. भारतात अंतराळ कायद्याचा मसुदा जेव्हा संसदेत येईल, तेव्हा त्यात हा प्रश्न विचारला आहे का, हे पाहायला हवं.